धक्क्यावरच्या पेगीची धून

गिरिजा मोडकच्या पायाला भिंगरी आहे असं तिचा नवरा श्रीनाथ म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं. दुबईत गर्‍हूदला एका बांधकाम कंपनीत ती डॉक्युमेंट कंट्रोलर होती. दिवसभर एका खुर्चीत बसायचं आणि कुठल्या नकाशाची कितवी आवृत्ती साइटवर गेली, कुणी सही केली, कुठली रद्द झाली, याची नोंद ठेवायची. नऊ वर्षांत तिच्या हातून एक कागद हरवला नव्हता. पण दर तासाला ती उठायची, पाण्याच्या कूलरपर्यंत जायची आणि पाणी न पिताच परत यायची. अल कुसैसच्या घरीही तेच. कुकर लावून गॅलरीत, गॅलरीतून दारात, दारातून परत ओट्याशी.

ती शांत व्हायची ती फक्त व्हायोलिन घेतलं की. मिरजेला हेमचंद्र सरांकडे ती बारा वर्षं शिकली होती. लग्नानंतर शिकणं सुटलं, पण वाद्य बरोबर आलं. दर शुक्रवारी सकाळी, लेक इरा झोपेत असताना, ती गालिच्यावर मांडी घालून बसे, व्हायोलिनचं टोक उजव्या पावलावर टेकवी आणि तासभर भूप नाहीतर खमाज वाजवी. ऐकायला कुणी नसे. तिला कुणी हवंही नसे.

ऑफिसात हे कुणाला कळायचं कारण नव्हतं. कळलं ते ह्यू मॅकफेलमुळे. ह्यू प्लॅनिंग इंजिनियर, साठी ओलांडलेला स्कॉटिश माणूस, हाडापेरानं मोठा आणि बोलायला कमी. २००८च्या ऑक्टोबरात एका सोमवारी त्यानं टेबलाखाली एक काळी पेटी ठेवली होती. गिरिजा नकाशांवर सही घ्यायला गेली, पेटीचा आकार ओळखला आणि न राहवून म्हणाली, "मिस्टर ह्यू, तारा कुठल्या सुरांत लावता?"

त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "जी, डी, ए, ई. जगात सगळे लावतात तशाच. का?"

"आम्ही सा-प-सा-प लावतो."

एवढ्या एका वाक्यावर पुढचं सगळं घडलं. ह्यूनं तिला दुसऱ्या दिवशी वाद्य आणायला लावलं. जेवणाच्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत दोघं बसली, तो खुर्चीवर आणि ती खाली कार्पेटवर. ती मांडी घालून वाजवते हे पाहून त्यानं गज खाली ठेवला. मग म्हणाला, "असं बसून नाचणाऱ्यांसाठी कसं वाजवणार?"

"आमच्यात नाचणाऱ्यांसाठी वाजवत नाहीत."

"आमच्यात दुसऱ्या कशासाठी वाजवत नाहीत," ह्यू म्हणाला.

दुबईतले स्कॉटिश लोक दर सोमवारी संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये जमून त्यांचे गावाकडचे नाच नाचत. मॉरिन नावाची एक शिक्षिका ते चालवायची. ह्यू त्यांचा वादक; व्हायोलिनला ते फिडल म्हणत. आपल्याला जोडीला कुणीतरी हवं, असं त्याच्या मनात कधीपासून होतं. तिथली मंडळी सीडी लावून नाचायला तयार असत, पण सीडी थांबत नाही आणि कुणी पडलं तर वाट पाहत नाही, असं त्याचं म्हणणं.

त्यानं तिला आधी शिकवली ती एक रील. रील म्हणजे जलद नाचाची धून. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, की पुन्हा पहिल्यापासून, नाचणारे दमेपर्यंत. गिरिजानं मांडीवर ठेका धरून पाहिला आणि हसली. हा तर केरवाच. सूरही परके नव्हते. उतरताना खमाजासारखा कोमल निषाद मध्येच डोकावे, आणि सगळी धून एका पायरीवरून घसरून खालच्या पायरीवर येई आणि परत वर चढे. पहिला भाग खालीच घुटमळणारा, तर दुसरा एकदम वर उडी घेणारा. अवघड होता तो गज. एकाच सुरावर गज तीनदा झटकायचा, इतका चटकन की तीन सूर नाही, दारावर टकटक केल्यासारखं वाटलं पाहिजे. त्याला तो 'बर्ल' म्हणायचा. गिरिजाचा गज लांब, संथ ओढायला शिकलेला. तिला ते जमेना. दोन महिने ती उभी राहून, हनुवटीखाली व्हायोलिन धरून, स्वयंपाकघरात टकटक करत राहिली.

"आई, प्लीज. इट साउंड्स लाइक अ मॉस्किटो," इरा खोलीतून म्हणायची.

धुनेचं नाव होतं 'धक्क्यावरची पेगी'. ह्यूनं तिची गोष्ट सांगितली ती अशी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला त्याचं कोळ्यांचं गाव. हंगामात तिथल्या बायका धक्क्यावर उभ्या राहून मासे साफ करत, बोटांना चिंध्या बांधून, कारण सुरी आणि मीठ दोन्ही हात फाडत. पेगी त्यांतलीच. तिचा ठरलेला नवरा जहाजानं कॅनडाला निघाला. हात हलवून निरोप द्यायला तिचे हात कुठे धड होते? म्हणून ती मिठाच्या पिंपावर चढली आणि जहाज दिसेनासं होईपर्यंत नाचली. तिच्या पावलांवरून कुणी वादकानं ही धून बांधली.

"तो परत आला?" गिरिजानं विचारलं.

"आजीनं सांगितलं नाही," ह्यू म्हणाला. "मीही कधी विचारलं नाही."

त्या हिवाळ्यात दुबईची हवाच पालटली. आधी क्रेन थांबल्या. मग शेख झायेद रोडवरचे फलक तेच राहिले आणि त्यांच्यामागचं काम बंद पडलं. रोज कुणीतरी सांगे की अमक्याला काढलं, तमका कर्ज सोडून पळाला आणि त्याची गाडी विमानतळावर धूळ खात उभी आहे. श्रीनाथ शारजात एका इंटिरियर कंपनीत होता. डिसेंबरात तिथल्या सगळ्यांचे पगार निम्मे झाले. इराची शाळा आणि घराचं भाडं यांचा भार गिरिजाच्या नोकरीवर आला.

२००९च्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी, म्हणजे आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, सकाळी एचआरच्या अपर्णा मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. अपर्णा नागपूरची, एरवी मोकळी बाई. त्या दिवशी तिनं दार लावून घेतलं आणि एक कागद पुढे केला. "यावर आधी सही कर. मग सांगते."

कागद गुप्ततेचा होता. गिरिजानं सही केली. मग अपर्णानं यादी दिली. एकवीस नावं. "यांची पत्रं बनवायची आहेत. तुझ्या हातून चूक होत नाही म्हणून तुला सांगतेय. पत्रं पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी द्यायची. तोवर खलास, तोंडाला कुलूप."

"गुरुवारपर्यंत का थांबायचं?"

अपर्णा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "टॉवरच्या कामाचा शेवटचा अहवाल क्लायंटकडे जायचाय. त्यावर ह्यूची सही लागते."

ह्यूचं नाव सातवं होतं.

अकरा दिवस. गिरिजाला पुढे तो काळ आठवला की दिवस सुटे आठवायचे नाहीत, एकच लांबलचक दुपार आठवायची. ती कूलरपर्यंत जायची ती आता ह्यूच्या टेबलाला वळसा घालून. सुट्टीत नकाशांच्या खोलीत जायची, कारण न जाणं जास्त दिसलं असतं. आणि त्याच आठवड्यात तिला बर्ल जमला. गज हाती आला नव्हता, हात थरथरत होता, आणि त्या थरथरीतच ती टकटक निघाली. ह्यूनं मांडीवर थाप मारली. "हेच. हेच हवं होतं."

बुधवारी त्यानं डबा उघडता उघडता सांगितलं, "मला दोहाहून बोलावणं आलंय. जुना मित्र आहे तिथे. रविवारपर्यंत उत्तर द्यायचंय."

गिरिजाच्या हातातली पोळी हातातच राहिली. "मग?"

"मग काय? नाही म्हणणार. इथला टॉवर पुरा करायचाय. सोमवार आहेत. आणि मार्चमधल्या वार्षिक नाचाला पहिल्यांदाच आपण दोन फिडल असणार."

"विचार करा ना, मिस्टर ह्यू. दोहा चांगलं आहे म्हणतात. दिवस असे आहेत..."

तो हसला. "तुला मी नकोसा झालोय की काय?"

तिनं नकारार्थी मान हलवली. एवढंच केलं.

संध्याकाळी तिनं श्रीनाथला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. "सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल," तो म्हणाला. "माझी आधीच अर्धी गेलीय. मग इराला घेऊन परत जायचं का? कुठे? आणि तू नाही सांगितलंस तरी त्याची जाणारच आहे, गिरिजा. ती काही तुझ्यामुळे जात नाहीये."

"पण दोहा माझ्यामुळे जाईल."

"तो मोठा माणूस आहे. त्याला दिसत नाही का सगळीकडे काय चाललंय?"

रविवारी ह्यूनं दोहाला नकार कळवला, गुरुवारी त्याला पत्र मिळालं. ते पत्र गिरिजानंच टाइप केलेलं होतं. नावाचं स्पेलिंग अचूक होतं.

ह्यूनं तमाशा केला नाही. खण रिकामे केले, कॅलेंडर उतरवलं. व्हिसा रद्द झाल्यावर महिन्याभरात देश सोडायचा होता. जायच्या आदल्या दिवशी तो नकाशांच्या खोलीत आला आणि म्हणाला, "सोमवार तुझ्याकडे सोपवतो. मॉरिनला सांगितलंय. दुसरं कुणी उरलेलंच नाही." मग दारातून वळून म्हणाला, "दोहाला पुन्हा विचारलं होतं. जागा भरली."

मार्चमधला नाच झाला. दोन फिडलांच्या ऐवजी एकच. शंभरातली चाळीस माणसं उरली होती, तीही उद्या असतील की नाही, कोण जाणे. गिरिजा साडी नेसून, मिरजेच्या त्या व्हायोलिनच्या तारा परक्या सुरांत लावून, उभी राहून दोन तास वाजवत होती. सगळं वाजवलं. पेगी तेवढी वाजवली नाही. मॉरिननं दोनदा सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "अजून बसली नाही हातात."

ते खोटं होतं. हातात बसली होती, कानातून जात नव्हती. बसमध्ये, भाजी चिरताना, नकाशांवर शिक्के मारताना ती टकटक चालू असायची. धून थांबवायची तर ती कुठून आली ते तरी कळलं पाहिजे, असं काहीसं तिच्या मनानं घेतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिनं इंटरनेट धुंडाळलं. काही सापडलं नाही. मॉरिननं एडिंबरातल्या एका जुन्या संगीतसंग्रहाचा पत्ता दिला. गिरिजानं धून स्वरलिपीत लिहिली, श्रीनाथच्या भाच्याकडून ती पाश्चात्त्य पद्धतीत उतरवून घेतली आणि पाठवून दिली. सप्टेंबर उजाडला तरी उत्तर नव्हतं. मग एक दिवस आलं, चांगलं दोन पानी.

लिहिणारी बाई तिथली ग्रंथपाल होती, आणि फार जपून लिहिणारी होती. धक्क्यावरच्या पेगीचा लेखी उल्लेख अलीकडचा आहे, तिनं कळवलं. पण हीच धून, सुरासूर तीच, एका वादकाच्या हस्तलिखित वहीत सापडते, आणि ती वही जवळपास दोनशे वर्षांपूर्वीची आहे. वहीत तिचं नाव आहे 'मिस्टर लॉरी यांचं आगमन'. हे लॉरी एका जमीनदाराचे नवे कारभारी. त्यांच्या स्वागताच्या मेजवानीसाठी गावच्या वादकानं ही रील बांधली आणि त्याबद्दल त्याला एक पोतं ओटचं पीठ मिळालं, तीही नोंद वहीतच आहे. दोन वर्षांनी याच कारभाऱ्यानं माणसं काढून अख्खी दरी मेंढ्यांच्या चराईसाठी रिकामी केली. ज्यांनी घर सोडायचं त्यांची यादी चर्चच्या दाराला लागली. माणसं समुद्राकाठी हाकलली गेली, काही कॅनडाला गेली, काही तिथेच मासे साफ करू लागली.

'त्या यादीत वादकाचं नाव नाही,' ग्रंथपालबाईंनी लिहिलं होतं. 'यादी लागण्याआधी त्याला ती ठाऊक होती का, याबद्दल कुठेही काही लिहिलेलं नाही. वहीत धुनेचं नाव कुणीतरी वेगळ्या शाईनं खोडलं आहे, ते अक्षर कुणाचं हेही सांगता येत नाही. पेगी नावाची कुणी बाई होती की नव्हती, हे आम्हाला माहीत नाही. लोकांना धून हवी होती आणि तो माणूस नको होता, म्हणून त्यांनी नाव बदललं असावं, एवढाच तर्क करता येतो.'

गिरिजानं ते पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला ती बसली नाही, फेऱ्या मारत वाचलं. वाचून झाल्यावर तिनं ह्यूला ईमेल लिहायला घेतला. ग्रंथपालबाईंचं सगळं म्हणणं उतरवलं. शेवटी लिहिलं: 'मिस्टर ह्यू, तुमच्या आजीची गोष्ट मी मोडतेय, त्याबद्दल माफ करा. पण मला आणखी एक सांगायचंय. तुमचं पत्र मी टाइप केलं होतं. तुमचं नाव मला अकरा दिवस आधी माहीत होतं. दोहाचं तुम्ही मला सांगितलंत, त्याच्या तीन दिवस आधीपासून. त्याबद्दल माफी मागते.' कारणं लिहिली होती, शाळेची, पगाराची, सहीची. ती पुसून टाकली. आणि पाठवून दिला.

उत्तर आलं नाही. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. ती रोज सकाळी पाहायची, जेवणाच्या सुट्टीत पाहायची, घरी येऊन चपला काढायच्या आधी पाहायची. श्रीनाथ एकदा म्हणाला, "तू हे लिहायला नको होतंस. त्याला काय उपयोग?"

"त्याला नसेल."

"मग?"

ती उठून गॅलरीत गेली.

२०१०च्या मे महिन्यात दुसरी यादी आली. या वेळी चौदा नावं. कुलपाचा कागद पुन्हा, सही पुन्हा. पाचवं नाव तय्यबचं होतं. तय्यब कराचीचा सर्व्हेअर, सात वर्षं बॅचलर म्हणून, म्हणजे कुटुंबाशिवाय, चौघांत एक खोली करून राहिलेला. त्याची बायको आणि दोन मुली पुढच्या महिन्यात यायच्या होत्या, हे ऑफिसात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं, कारण तो दुसरं काही बोलतच नसे. शारजात त्यानं फ्लॅट पाहिला होता. वर्षभराच्या भाड्याचे चेक त्याला त्या सोमवारी द्यायचे होते. इथे दिलेला चेक वटला नाही तर माणूस तुरुंगात जातो, हेही सगळ्यांना माहीत होतं. आणि पत्रं द्यायची होती बुधवारी.

या वेळी गिरिजानं श्रीनाथला विचारलं नाही. रविवारी दुपारी तय्यब नकाशा न्यायला आला, तेव्हा तिनं नकाशा त्याच्या हातात दिला, पण सोडला नाही. कागदाचं एक टोक त्याच्या हातात, एक तिच्या.

"तय्यबभाई, कल चेक मत दीजिए."

"क्यूं? मालिक राजी है, सब पक्का है."

"मत दीजिए. बुधवार तक रुक जाइए."

तय्यबच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यानं नकाशा टेबलावर ठेवला, घडी नीट केली. "मेरा नाम है?"

तिनं मान डोलावली.

तय्यबनं चेक दिले नाहीत. पण तो गप्प राहू शकला नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? सोमवारी सकाळीच तो सरळ जनरल मॅनेजरकडे गेला आणि विचारलं, माझं नाव आहे की नाही ते सांगा. तासाभरात अपर्णानं गिरिजाला बोलावलं. दार लावलं.

"तू सांगितलंस?"

"हो."

"नाही म्हण," अपर्णा हळू आवाजात म्हणाली. "तो तुझं नाव घेत नाहीये. तू नाही म्हणालीस तर मी पुढे विचारणार नाही."

नाही म्हणणं किती सोपं होतं. अपर्णा खरंच विचारणार नव्हती. "मीच सांगितलं, मॅडम," गिरिजा म्हणाली. "पहिल्या वेळी नाही सांगितलं. या वेळी सांगितलं."

अपर्णानं डोळे मिटले. मग कॉम्प्युटरकडे वळली आणि पत्र टाइप करू लागली. गिरिजाच्या पत्रात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. तिला त्या दुरुस्त करून द्याव्याशा वाटल्या.

तिचा व्हिसा श्रीनाथच्या नावावर होता म्हणून देश सुटला नाही, बाकी बरंच सुटलं. अल कुसैसचं घर गेलं. शारजात लहान घर घेतलं. इराची शाळा बदलली. श्रीनाथनं 'तुला सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही, मात्र तीन आठवडे तो भांडी जरा जास्तच जोरात ठेवत होता. इरानं मात्र तोंडावर सांगितलं. "यू कुड हॅव जस्ट केप्ट क्वाएट, आई. तय्यब अंकल्स जॉब वेंट एनीवे."

"जॉब गेला," गिरिजा म्हणाली. "चेक वाचले."

"अँड माय स्कूल?"

इरा सहा महिने तिच्याशी तुटक बोलायची. ते सोसायला लागलं.

तय्यब कराचीला परत गेला. ईदला त्याचा फोन येई. तिकडे सासऱ्याच्या ओळखीनं त्याला रस्त्याच्या कामावर घेतलं होतं. मुलींना फोन देऊन तो म्हणायचा, आंटीला सलाम करा. मुलींना ही आंटी कोण ते ठाऊक नव्हतं. त्या सलाम करायच्या आणि पळायच्या.

नव्या घरी बिल्डिंगमधली एक बाई विचारत आली की सकाळी व्हायोलिन वाजतं ते तुमच्याकडे का, माझ्या मुलीला शिकवाल का. एकीच्या तीन झाल्या, तिघींच्या आठ. शिकवताना उठून फेऱ्या मारल्या तरी कुणी काही म्हणत नाही, हे गिरिजाला नोकरीपेक्षा बरं वाटलं. सोमवारी मात्र ती दुपारी चारलाच निघायची. शारजाहून दुबईला जायचं म्हणजे दोन तास गाड्यांच्या रांगेत. बसमध्ये बसून ती गुडघ्यावर बोटं नाचवायची. हॉलमध्ये माणसं हळूहळू पुन्हा वाढत होती, नवे चेहरे, नव्या कंपन्या.

ह्यूचा फोन आला तो २०११च्या जानेवारीत, सव्वा वर्षानं. नंबर परका होता. आवाज ऐकून गिरिजा उभीच राहिली.

"तुझं पत्र मिळालं होतं," तो म्हणाला. "मला राग आला होता. आता नाही असं मी म्हणत नाही. मी इथे वर्षभर फेरीबोटीची तिकिटं फाडली. दोहाची नोकरी मी नाकारली होती, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही."

"हो," गिरिजा म्हणाली. माफी तिनं पत्रात मागितली होती. पुन्हा मागितली तर ती फक्त स्वतःसाठी झाली असती.

"मॉरिननं मला लिहिलं, तू कुणाला तरी आधीच सांगितलंस. तय्यब, की दुसरा कुणी... आणि तुझी नोकरी गेली."

"तय्यबच."

"हं." त्यानं विचारलं, "पेगी वाजवतेस?"

"नाही."

"मूर्खपणा आहे हा. ती धून त्या कारभाऱ्याची नाही. त्या वादकाचीही नाही. माझ्या आजीची आहे, आणि आजीनं तुझं काय वाकडं केलंय?" एवढं बोलून त्यानं हवामान सांगितलं, बर्फ किती पडला ते सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी गिरिजानं धून वाजवली. वाजवण्याआधी नाचणाऱ्यांना तिची दोन्ही नावं सांगितली, कारभारी कोण होता ते सांगितलं, यादी सांगितली, पेगी सांगितली. काहींना वाटलं, नाचायच्या वेळी ही कसली इतिहासाची शिकवणी. पण वाजायला लागली तेव्हा सगळे उठले. दुसऱ्या भागात वर उडी घेताना तिचा गज सवयीनं मींड घेऊन चढला, तिकडच्या वादकांसारखा टप्प्यानं नाही. तिनं ते सुधारायचा प्रयत्न केला, पुढच्या फेरीत पुन्हा तसंच झालं, मग तिनं सोडून दिलं.

ह्यू आला तो २०१२च्या एप्रिलमध्ये. मस्कतला चार महिन्यांचं काम मिळालं होतं, वाटेत दोन दिवस दुबईत होता. सोमवारी हॉलमध्ये येऊन मागच्या खुर्चीवर बसला. बारीक झाला होता. फिडल आणलं नव्हतं. पेगी सुरू झाली तेव्हा तो नाचला नाही. पायही हलवला नाही. संपल्यावर पुढे येऊन म्हणाला, "वर जाताना तू घसरतेस. आम्ही घसरत नाही."

"माझ्याकडून तसंच येतं, मिस्टर ह्यू."

"तिकडच्या मुलीही तशाच वाजवायला लागल्यात," तो कोपऱ्यातल्या दोन तरुण मुलींकडे हनुवटी करत म्हणाला. दोघी अ‍ॅबरडीनच्या, गेल्या वर्षापासून गिरिजाबरोबर फिडल वाजवणाऱ्या. हे त्याला आवडलं की खटकलं, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. गिरिजानं विचारलंही नाही.

श्रीनाथ गाडी घेऊन आला होता, सोबत इराही. ह्यूला हॉटेलवर सोडायचं होतं. श्रीनाथनं त्याच्याशी हात मिळवला आणि तो जरा जास्तच वेळ धरून ठेवला. मग त्यानं पुढचं दार उघडून दिलं. रस्ता तुंबलेला होता. गाडी पावलापावलानं पुढे सरकत होती. इरा आता सोळाची. तिनंच मागून विचारलं, "मिस्टर ह्यू, वॉज देअर रिअली अ पेगी?"

ह्यू मान न वळवता म्हणाला, "आमच्या घरी मासे साफ करायची एक जुनी सुरी आहे. आजीची. मुठीवर पी अक्षर कोरलेलं आहे."

"सो देअर वॉज."

"माझ्या आजीचं नाव प्रुडन्स होतं," ह्यू म्हणाला.

श्रीनाथला आधी हसू आलं. मग ह्यूलाही. गिरिजा मागे बसून त्या दोघांच्या हलणाऱ्या खांद्यांकडे पाहत होती. पुढचा सिग्नल हिरवा झाला, पण गाड्या काही हलल्या नाहीत.